घण होता, खाण नव्हती

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि नशीब असेल तर त्याखाली मांजऱ्या. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा क्रम कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतो, कारण द्राक्षबागेचे पाणी याच थरांवर अवलंबून आहे. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातला वायू अडकला, पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकात मुरणाऱ्या पाण्याने त्या भरून टाकल्या. कुठे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक तयार झाले, कुठे दुधी गारगोटी, कुठे अकीक. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या पोकळ्यांतले स्फटिक बघायला जगभरातून लोक येतात. मात्र या पोकळ्यांत खणून काढावे इतके तांबे नाही. तरीही याच खडकावर वसलेल्या गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातले शेतकरी साडेतीन हजार वर्षांपूर्वी तांबे वापरत होते आणि त्याच वेळी गारगोटीच्या पात्यांनी कापत, तासत, कापणी करत होते. त्यांच्या संस्कृतीला आपण ताम्रपाषाण म्हणतो आणि पुष्कळदा असे समजतो की ही माणसे पाषाणयुगातून बाहेर पडत होती, पण पुरती पडली नव्हती. माझे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या हातातला दगड हा मागासलेपणाचा पुरावा मानता येत नाही. इथले तांबे कमी होते याचे कारण पायाखालच्या खडकात आहे, माणसांच्या अकलेत किंवा कसबात नाही. आणि ते तांबे ज्या दूरच्या खाणींतून आले, त्या खाणींच्या काळात जगभर धातू खणला जात होता तोही मुख्यतः दगडानेच.

ही शेवटची गोष्ट आधी नीट बघायला हवी, कारण आपल्या मनातली पाषाणयुग, ताम्रयुग, लोहयुग ही चढती शिडी तिथेच डळमळते. ही विभागणी कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तू लावताना थॉमसन यांनी केली आणि १८३६ मध्ये ती छापून आली. वस्तू मांडायला ती फार सोयीची होती. खाणीच्या तोंडाशी मात्र ती लागू पडत नाही. सर्बियातल्या रुद्ना ग्लावा इथे युरोपातल्या अतिप्राचीन तांब्याच्या खाणींपैकी एक सापडली. ती इसवीसनापूर्वी ५००० च्या आसपासची आहे. तिथे काय मिळाले? नदीतून वेचून आणलेले जड गोटे, मधोमध दोर बसावा म्हणून खाच पाडलेले. सांबराच्या जातीच्या प्राण्यांची शिंगे, जी पहारीसारखी वापरलेली होती. आणि मातीची भांडी. बल्गेरियातल्या आय बुनारलाही मुख्यतः हीच गोष्ट. वेल्समधल्या ग्रेट ओर्मच्या डोंगरात १९८७ नंतर जी कांस्ययुगीन खाण उघडी झाली, तिच्यातून दोन हजारांहून अधिक दगडी घण आणि तीस हजारांवर हाडांचे तुकडे मिळाले, त्यांतली पुष्कळ हाडे खणायला वापरलेली. चिलीच्या चुकिकामातात १८९९ मध्ये खाण कोसळून गाडल्या गेलेल्या एका प्राचीन खाणकामगाराचा वाळलेला देह मिळाला. तो पार इसवीसनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचा आहे, आणि त्याच्याजवळचे घणही दगडाचेच.

पद्धतही सगळीकडे जवळपास सारखीच होती. खडकाच्या भिंतीला लागून लाकडे रचायची, जाळ करायचा, तापलेला खडक तडकला की घणाने तो पाडायचा, मग हिरवट खनिजाचे तुकडे फोडून, कुटून, निवडून वेगळे करायचे. घण म्हणून निवडलेला दगड कठीण आणि चिवट लागतो. अग्निज खडकाचा, पाण्याने गोल केलेला गोटा त्यासाठी उत्तम. हत्याराच्या अंगाने बघितले तर तांब्याचा छिन्नीसारखा तुकडा कठीण खडकावर चार घावांत बोथट होतो; गोटा फुटला तर नदीत दुसरा असतोच. म्हणून प्राचीन धातूची खाण ओळखायची तर पुरातत्त्वज्ञ धातूची हत्यारे शोधत बसत नाहीत, खाच पाडलेले गोटे शोधतात. कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणी पुष्कळ नंतरच्या, लोखंड आल्यानंतरच्या आहेत. तिथे जुने खाणकाम ६४० फुटांपर्यंत खोल गेले होते, आणि तिथेही जाळाने खडक तडकवल्याच्या खुणा आणि सोन्याचा दगड कुटण्याचे पाषाणी वरवंटे आहेत. दगड संपून धातू सुरू झाला, असे या खाणींत दिसत नाही.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या काळ्या खडकाच्या प्रदेशात आदिमानवाचे फारसे काही मिळणार नाही, अशी एके काळी अभ्यासकांची समजूत होती. ती डॉ. ह. धी. सांकलिया यांनी मोडली. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या जुन्या गाळात त्यांना काळ्या पाषाणातल्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या मिळाल्या, आणि १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने त्यांचे गोदावरीच्या पाषाणहत्यारांवरचे पुस्तक काढले. म्हणजे या खोऱ्यात दगड घडवण्याची परंपरा लाखो वर्षांची. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला उत्खनन केले. नाशिकच्या तळच्या थरात रंगीत खापरे आणि गारगोटीची पाती निघाली. जोर्व्याला तशीच खापरे आणि जोडीला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. तिथून या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडले. पुढे नेवासे, चांडोली, दायमाबाद, इनामगाव अशी एकेक गावे उलगडत गेली, आणि इसवीसनापूर्वी १४०० ते ७०० या काळातली दोनशेंहून अधिक जोर्वे ठिकाणे नोंदली गेली.

या गावांत तांबे कशासाठी वापरले गेले ते बघण्यासारखे आहे. कुऱ्हाडी, छिन्न्या, गळ, बांगड्या, मणी. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्यातला रेशीम-कापसाचा धागा तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिला होता. चांडोलीच्या अशाच माळेत जवसाचा धागा होता. चांडोलीहूनच मुठीला दोन शिंगे फुटावीत तशा घडणीचा खंजीर आला, मधोमध कणा उठवलेला. हे काम अडाणी हाताचे नाही. आणि त्याच घरांत गारगोटीची पाती हजारोंनी. ती कशीही फोडलेली नाहीत. गाभ्याच्या एका अंगाला दोन्ही बाजूंनी टिपत नागमोडी कणा तयार करायचा, त्या कण्यावर दाब देऊन पहिले पाते सोडवायचे, की त्यामागून सरळ, समांतर धारांची पाती एकामागून एक निघत जातात. ही पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवली की विळा तयार. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. गारगोटीची कठिणता मोजपट्टीवर सातच्या आसपास येते, तांब्याची तीन. कापणीसाठी या दोघांतले कोणते निवडाल, हा प्रश्न आपण त्या शेतकऱ्याच्या जागी बसून विचारायला हवा.

इथे एक खरा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सिंधू संस्कृतीच्या नगरांत तांबे भरपूर होते, तरी तिथेही रोहडीच्या चकमकीची पाती सर्रास वापरली जात. मग पाती मिळाली म्हणून तांब्याची टंचाई होती, असे कसे म्हणता येईल? आक्षेप बरोबर आहे. पाती टिकून राहिली यावरून एवढेच सिद्ध होते की पाती चांगली होती. टंचाई ओळखायची ती तांब्याच्या वस्तूंच्या पसाऱ्यावरून. मोहेंजोदडो-हडप्प्याला तांबे आणि कांस्याच्या कुऱ्हाडींबरोबर सुऱ्या, वस्तरे, करवती, बाणाग्रे, आरसे, भांडी सगळे आहे. तांबे घरातल्या प्रत्येक कामात शिरले आहे. जोर्वे गावांत तो पसारा दिसत नाही. जिथे दगडाने चालत नाही, म्हणजे लाकूड तोडताना, भोक पाडताना, गळ वाकवताना, तिथे तांबे. आणि अंगावर मिरवायला तांबे. बाकी सगळीकडे दगड, हाड, लाकूड, माती. हा हिशेब ज्याच्याकडे माल थोडा आणि दुरून येणारा असतो, त्याचा आहे.

दुसरा आक्षेप असा की तांबे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून जमिनीत राहिलेले तांबे हे मूळच्या साठ्याचा छोटासा अंश असणार. मान्य. पण मोडीचा हा नियम हडप्प्यालाही लागू होता आणि तरी तिथे भांडी-करवती मागे राहिल्या. शिवाय मोड जपून ठेवून पुन्हा ओतण्याची गरज टंचाईच्या जागी अधिक असते. तेव्हा हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाण्याऐवजी त्यालाच थोडा आधार देतो.

सर्वांत वजनदार आक्षेप दायमाबादचा आहे, अक्षरशः वजनदार. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावात एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार मोठ्या धातुमूर्ती मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, रेडा, गेंडा, हत्ती. सगळ्या मिळून साठ किलोंच्या वर भरतात. ज्या खोऱ्यात एवढे तांबे एका ढिगात निघते तिथे टंचाई कसली? पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत झालेले नाही. म. के. ढवळीकर आणि इतर काहींनी त्या उत्तर सिंधू काळाच्या मानल्या; डी. पी. अग्रवाल यांनी त्यांच्यातल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली आणि त्या पुष्कळ नंतरच्या असू शकतील असे सुचवले. दुसरे, त्या उत्तर सिंधू काळाच्या धरल्या तर त्या उत्तरेशी असलेल्या संबंधांचा पुरावा ठरतात, स्थानिक खाणीचा नव्हे. आर्सेनिकचे प्रमाणही कुठल्या तरी विशिष्ट खनिजाकडे बोट दाखवते, आणि ते खनिज दायमाबादच्या खडकात नाही. साठ किलो तांबे एका गावी आणवण्याची ऐपत कुणाची तरी होती, एवढे त्यावरून कळते. ते कुऱ्हाडी-विळ्यांत न जाता मूर्तींत गेले, हेही कळते.

मग खाणच अजून सापडली नसेल तर? डोंगर मोठे आहेत, शोध थोडा झाला आहे. हा आक्षेप मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो, कारण काळ्या पाषाणात तांबे नसतेच असे म्हणता येत नाही. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी कीविनॉ द्वीपकल्पात आणि आईल रॉयल बेटावर काळ्या पाषाणाचेच थर आहेत, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्याही मांजऱ्या थरांत पोकळ्या आहेत. त्या पोकळ्यांत गारगोटीच्या जागी शुद्ध तांबे भरलेले आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी सहा-सात हजार वर्षांपूर्वीच हजारो खड्डे खणून, सरोवराकाठच्या गोट्यांनी खडक फोडून हे तांबे काढले आणि भट्टीत न वितळवता ठोकून-तापवून त्याची हत्यारे केली. म्हणजे खडक तोच, पोकळ्या त्याच, दगडी घणही तोच. मग फरक कुठे पडला? तिथले थर पुढे खोल गाडले गेले, तापले, आणि त्यांच्यातून फिरलेल्या गरम पाण्याने खडकातले विखुरलेले तांबे विरघळवून फटी-पोकळ्यांत आणून साठवले. आपले दख्खनचे थर तुलनेने कोवळे, बहुतेक आडवे आणि कधी तेवढे खोल न दबलेले. त्यांच्यातून फिरलेल्या पाण्याने सिलिका आणि झिओलाइट आणून ठेवले. तांब्याचा एखादा कण आपल्या मांजऱ्यातही चमकतो, पण त्यावर खाण चालत नाही. सुपीरियरच्या माणसाला निसर्गाने पोकळीत तांबे भरून दिले, गोदाकाठच्या माणसाला गारगोटी. दोघांनीही जे मिळाले ते काढले आणि त्यात पारंगत झाले. यात एकाला पुढचा आणि दुसऱ्याला मागचा ठरवण्याला मला आधार दिसत नाही.

खडक बाजूला ठेवला तरी खाणकाम आपल्यामागे कचरा सोडते, हेही महत्त्वाचे. खनिज वितळवले की काळी काचेसारखी मळी उरते, आणि ती कुजत नाही, गंजून नाहीशी होत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या आहाडला तांबे गाळल्याची मळी मिळाली, आणि के. टी. एम. हेगडे यांनी तिथल्या तांब्यातल्या सूक्ष्म घटकांची तुलना अरवलीतल्या खनिजांशी केली. अरवलीच्या उत्तरेला खेतडीच्या खनिजपट्ट्याजवळ गणेश्वरला तांब्याच्या सुमारे हजार वस्तू निघाल्या, गळ, बाणाग्रे, चपट्या कुऱ्हाडी. खनिजाच्या शेजारी गाव असले की काय चित्र दिसते, ते हे. जोर्वे गावांत मळीचे असे ढीग नाहीत. गाळलेले तांबे गोळ्यांच्या किंवा तयार वस्तूंच्या रूपात येत असणार आणि इथे फक्त मुशीत वितळवून ओतले जात असणार, हाच सरळ अर्थ निघतो. महाराष्ट्राच्या हद्दीत तांब्याचे खनिज आहे, पण ते विदर्भाच्या पूर्व भागात, काळ्या पाषाणाचा थर संपून जुना खडक वर येतो तिथे: चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना, नागपूर-भंडाऱ्याकडे पुलार-परसोडी, आणि हद्दीपलीकडे बालाघाटात मलाजखंड. अरवली, गुजरात, मध्य भारत, आंध्र यांपैकी कुठले तांबे गोदावरीला आले यावर वाद चालू आहे, आणि मला वाटते एकच उत्तर शोधणे चुकीचे ठरेल. माळव्याशी आणि तापीच्या खोऱ्याशी जोर्वे गावांचे नाते खापरांतून स्पष्ट दिसते. सातमाळा ओलांडून येणारी वाट जुनी आहे. पिंपळगाव-चांदवडवरून आग्र्याकडे जाणारा आजचा रस्ताही त्याच डोंगररांगेतल्या खिंडीतून जातो. तांबे त्या वाटेने आले असेल, तर त्याबरोबर कुंभारी आणि चालीरीतीही आल्या.

दगडाच्या बाबतीत मात्र हे खोरे स्वतःच स्वतःची खाण होते. कादवा, बाणगंगा, गोदावरी दरवर्षी डोंगरातल्या पोकळ्यांमधली गारगोटी आणि अकीक सोडवून वाळूत आणून टाकतात. नांदूर मध्यमेश्वराला कादवा गोदावरीला मिळते तिथवरच्या पात्रांत ती वेचायला खोल खड्डा लागत नव्हता. कुऱ्हाडीसाठी लागणारा डोलेराइट थरांना चिरत गेलेल्या उभ्या भिंतींतून मिळे. कर्नाटकात बेल्लारीजवळच्या संगनकल्लूला अशाच एका भिंतीवर नवाश्मयुगीन माणसांनी कुऱ्हाडींचा कारखानाच चालवला होता. खाणकामगाराला घणासाठी जो कठीण, गोल, अग्निज गोटा हवा असतो, तो आपल्या प्रत्येक नदीत पडलेला आहे. घण भरपूर, खनिज नाही, अशी या भूमीची स्थिती.

माझे म्हणणे तपासायला एक चांगली कसोटी आहे: लोखंड. दगड सवयीमुळे, जुनेपणाच्या ओढीमुळे टिकला असता तर लोखंड आल्यावरही तो काही शतके तसाच रेंगाळला असता. तसे झाले नाही. नाशिकच्या गढीवर ताम्रपाषाण थराच्या वरच्या वस्तीत लोखंड आहे आणि गारगोटीच्या पात्यांचा तो उद्योग संपलेला आहे. लोखंडाचे खनिज तांब्यापेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी मिळते, विदर्भात, कोकणाच्या जांभ्यात. नागपूरजवळ नायकुंडला महापाषाणकालीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली आहे, इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. धातू जवळ आला, मुबलक झाला, धार लावून पुन्हा वापरता येऊ लागला, तेव्हा याच खोऱ्यातल्या शेतकऱ्याने पाते सोडले आणि काही शतकांत लोखंडी छिन्नीने पांडवलेणीचा काळा पाषाणही कोरून काढला. कुणी म्हणेल की लोखंड हत्यार म्हणूनच सरस होते, मुबलकतेचा संबंध काय? संबंध आहे. सरस पण दुर्मिळ हत्यार सरदाराच्या कमरेला राहते. विळा होऊन शेतात उतरायला ते पुरेसे मिळावे लागते.

तांब्याच्या बाबतीत मात्र भूगोल बदलला नाही, आणि तेही याच खोऱ्यात तपासता येते. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पुढे देशभर नावाजली, तांबट आळीचे ठोके शहराची ओळख झाले, पण १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या काळातही त्या तांबटांचा पत्रा मुंबईहून येत होता. कसब इथले, धातू बाहेरचा.

हे सगळे खोटे ठरवता येईल असा पुरावाही सांगायला हवा. दख्खनच्या काळ्या पाषाणात कुठे खाच पाडलेले घणगोटे, जाळाने तडकलेली खडकाची भिंत आणि तांब्याची मळी हे तिन्ही एका जागी, जोर्वे काळाच्या थरात मिळाले, तर माझा युक्तिवाद मागे घ्यावा लागेल. नुसता खाचेचा गोटा पुरणार नाही, कारण तो जाळ्याचे वजन किंवा दोर बांधायचा दगडही असू शकतो. आणि जोर्वे, चांडोली, नेवासे इथल्या वस्तूंतल्या शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण अरवली, मलाजखंड आणि ठाणेवासनाच्या खनिजांशी ताडून बघितले, तर तांबे कुठल्या डोंगरातून निघाले आणि कुठल्या माणसांनी ते दगडी घणाने फोडून काढले, याचे उत्तर वस्तूच देतील. त्यासाठी लागणारा नमुना कणभर असतो, आणि कुऱ्हाडी संग्रहालयांत आहेत.